धाब्यावरची झोप

धुळ्याकडच्या आमच्या गावातल्या घराला धाबं होतं. जाड मातीच्या भिंती, त्यांवर सागाच्या कड्या, कड्यांवर किलचं, मग लिंबाचा पाला आणि सगळ्यात वर खारी माती. मृगाआधी ती माती चोपून घेतली की पाणी आत उतरत नसे. उजेडासाठी, धुरासाठी मधोमध सानं. वळवाचा पाऊस आला की त्यावर घमेलं पालथं घालायला मी धावायचो. वर पोचेपर्यंत चुलीत चार थेंब चर्र वाजलेले असत आणि आईच्या तोंडाचा पट्टा सुरू. उन्हाळ्यात दिवस मावळला की वर पाणी शिंपडायचं, गोधड्या टाकायच्या. लोक नियम धाब्यावर बसवतात. आमचं अख्खं घरच महिनाभर धाब्यावर असे.

आता जळगावात नवव्या मजल्यावर राहतो. या शहराला उंचीची ओळख सतरा मजलीनं करून दिली. कागदोपत्री सरदार वल्लभभाई पटेल टॉवर. रिक्षावाल्याला मात्र ‘सतरा मजली’च सांगायचं. पण ती पडली महापालिकेची कचेरी. काम उरकून माणूस खाली आपल्या घरी येई. राहायलाच वर गेलो आणि उन्हाचा हिशेब चुकला. पारा 45 च्या पुढे जाणाऱ्या गावात आमच्या हॉलला पश्चिमेकडे भिंतभर काच आहे. बिल्डरनं ती ‘व्ह्यू’ म्हणून विकली. दिसतो समोरच्यांचा कूलर.

उंच घर मुळातच वाईट, असं नाही. मुंबईची कांचनजंगा ही इमारत वास्तुकार चार्ल्स कोरियांची. 1983 मध्ये पूर्ण झाली, 28 मजले, 32 घरं. तिथंही पेच पश्चिमेचाच: समुद्र आणि वारा तिकडे, रणरणतं ऊन आणि पावसाचा मारा पण तिकडूनच. कोरियांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून वर नेला. कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागा कोरल्या, खोल्या आत सरकवल्या. घरं श्रीमंतांची, युक्ती ओसरीची. आम्हाला मिळालेली बाल्कनी आम्हीच ग्रिल ठोकून हॉलमध्ये घेतली.

गेल्या वैशाखात आई राहायला आली. कूलरचा दमट वारा तिला सोसेना. रात्री साडेदहाला खाली जाऊन तिनं वॉचमनला विचारलं, “का रे भो, वर निजाले बंदी शे का?” गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी लग्नाला चोपड्याला. ती मुकाट वर आली आणि लिफ्टसमोरच्या फरशीवर गोधडी अंथरली. अख्ख्या मजल्यावर तेवढीच जागा आरपार होती.