दहा किलोंचा रवा

हितसंबंध गुंतायला माणसाचे आधी काही हित व्हावे लागते, आणि तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून माझे तसले काही झालेले नाही, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. तेवढ्यात विद्यापीठाचा एक छापील कागद आला. संशोधनाच्या विषयाशी आपला, पत्नीचा अगर जवळच्या नातेवाइकांचा आर्थिक संबंध असल्यास जाहीर करावा!

आम्हां मास्तरांना अशा कागदांची सवय असते. 'माझा कोणी जवळचा नातेवाईक या परीक्षेस बसलेला नाही' असे लिहून दिल्यावरच आम्ही पेपर तपासतो. माझ्या नातेवाइकांना परीक्षेला बसायची हौस कमीच, त्यामुळे ती सही मी डोळे मिटून ठोकत आलो. इथेही 'निरंक' हा भारदस्त शब्द लिहायला मी पेन उघडले.

"काय भरताय?" हिने चहा ठेवत विचारले.

"माझे कुणाशी लागेबांधे आहेत का, ते विचारतायत. निरंक!"

ही काही बोलली नाही. नुसती कपाकडे बघत राहिली. चहा गुळाचा होता.

आता सांगायलाच हवे. माझे संशोधन गुळावर आहे. गुऱ्हाळात रसाची मळी काढायला पूर्वी रानभेंडीचा चीक घालत. पण गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ लागतो, म्हणून काहीजण हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकतात. रंग उजळतो आणि गंधकाचा अंश मागे राहतो. तो किती राहतो, हे मी मोजतो. आणि माझ्या मेहुण्याचे, आबाचे, कोल्हापूरजवळ गुऱ्हाळ आहे. दर दिवाळीला त्याच्याकडून दहा किलोंचा रवा येतो. (शिऱ्याचा नव्हे. कोल्हापुरात गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात.)

"अहो, ती काय लाच आहे? माझी भाऊबीज आहे ती!"

"भाऊबीज तुझी, पण गूळ मी खातो."

मोठ्यांचेही असेच होते म्हणा. 1965 साली अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना 6,500 डॉलर दिले. 1967 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्यांचा लेख आला. हृदयविकाराचे खापर चरबीवर फुटले आणि साखर नामानिराळी राहिली. पैसे कुणी दिले, त्याचा लेखात उल्लेख नव्हता. तसे सांगायची सक्ती त्या नियतकालिकाने केली ती 1984 साली, आणि जुन्या पत्रव्यवहारातून हे सारे बाहेर आले 2016 साली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे गोडीगुलाबीत गेली.

हे मी वर्गात नेहमी रंगवून सांगतो. त्या रात्री मात्र मी माझी वही उघडली. नमुने जमवले होते चोवीस. तक्त्यात होते तेवीस. सतरावा गाळलेला, आणि समोर माझ्याच अक्षरात शेरा: 'बाटली नीट धुतलेली नसावी.' बाकीच्या तेवीस बाटल्यांच्या स्वच्छतेबद्दल मला कधीच शंका आली नव्हती. सतरावा नमुना आबाचा होता.

गंमत म्हणजे आबाने चकार शब्द काढला नव्हता. हिनेही नाही. मी खोटेपणा केला असेही मला त्या वेळी वाटले नव्हते. बाटली अस्वच्छ आहे हे मला अगदी मनापासून पटले होते! रव्याचे काम रव्याने गुपचूप केले होते.

दुसऱ्या दिवशी सतरावा नमुना एका सहकाऱ्याकडे दिला, कुणाचा ते न सांगता. आकडा पहिल्याइतकाच आला. बाटली बिचारी स्वच्छ होती. मी तक्त्यात चोवीस नमुने केले, कागदावर मेहुणा लिहिला, गुऱ्हाळ लिहिले, रवा वजनासकट लिहिला आणि आबाला फोन लावला.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दाजी, काळा गूळ बाजारात कुणी हातात धरत नाही. मी काय करू, तुम्हीच सांगा."

याचे उत्तर माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हते.

यंदाची दिवाळी आपली कोरडीच, असे आम्ही धरून चाललो होतो. पण वसुबारसेला रवा आला. काळपट, मातीच्या रंगाचा. वर आबाची चिठ्ठी: 'भेंडीचा आहे. दुसऱ्याकडून तपासून घ्या.'

ही डोळे पुसत आधण ठेवायला गेली. मी कपाटातून तो कागद काढला आणि पुरवणी जोडली: आणखी दहा किलो.