एलिमेंट ते रेल

रोवणीच्या दिवसांत गोंदियात पंपमिस्त्रीला जेवायला फुरसत नसते. केजव्हील लावलेला ट्रॅक्टर बांधीत काळा धूर ओकतो आणि मालक म्हणतो, "भाऊ, उचलच नाही घेत." मी आधी नोझल काढतो. हाताच्या टेस्टरवर चढवून दांडा दाबला की २०० बारच्या आसपास ते किरकिरत सुटलं पाहिजे. फवारा धुक्यासारखा, टोक कोरडं. टोकाला थेंब लोंबला तर सुई बसत नाही. (फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका. डिझेल कातडीत घुसतं.)

रुडॉल्फ डिझेलच्या १८९७च्या इंजिनात तेल कॉम्प्रेसरच्या हवेनं आत फुंकत. ते धूड गेलं तेव्हा कुठे डिझेल इंजिन ट्रकात मावलं. हवेऐवजी तेल थेट दाबून आत घालणाऱ्या पंपांचं मोठं उत्पादन बॉशनं १९२७मध्ये सुरू केलं; १९५१मध्ये बॉशची भारतातली कंपनी, मायको, स्थापन झाली.

त्या पंपाचा जीव म्हणजे एलिमेंट, म्हणजे बॅरल आणि त्यात वरखाली होणारा प्लंजर. प्लंजरची धाव कायम तेवढीच, पण त्याच्या अंगावर एक तिरकी खाच. रॅकनं प्लंजर जरासा फिरवला की खाच लवकर किंवा उशिरा उघडते, तेल तेवढं कमी-जास्त. प्लंजर-बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉन. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलात घालायचा नाही, जोडी जन्माची. इतकी साधी हुशारी मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिली नाही.

खोट एकच. दाब फेऱ्यांना बांधलेला. चिखलात फेरे पडले की दाबही पडतो, थेंब जाड होतो, धूर येतो. कॉमन रेलनं ही गाठ सोडवली. पंप फक्त रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांच्या सामायिक नळीत, दाब राखतो. इंजेक्टर कधी, किती वेळ उघडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. १९९७मध्ये युरोपात कारमध्ये हे आलं तेव्हा दाब १३५० बार होता, आता दोन हजारांच्या पुढे. एकाच स्ट्रोकला तेल हप्त्याहप्त्यानं जातं, म्हणून जुनी खडखड गेली. धुराचे बीएस-६ नियम आले, एप्रिल २०२०पासून, आणि देवरीवरून जाणाऱ्या नव्या ट्रकांना स्कॅनरशिवाय हात लावता येईना.

आमच्यातले काही म्हणतात, इलेक्ट्रॉनिक्सनं धंदा बुडवला. मला पटत नाही. इंजेक्टर मारतात ते पाणी आणि धूळ. जुना पंप घाण तेलावरही काही दिवस ढकलायचा. नवा ऐकून घेत नाही. राईस मिलच्या आवारात, कोंडा उडत असताना, डिझेलचे डबे बिनझाकणाचे असतात!

लहान ट्रॅक्टरांत अजून बहुतेक यांत्रिक पंपच आहेत, तेव्हा माझं बेंच रिकामं नाही. गाडी कुठलीही येवो, मी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून तेल काचेच्या ग्लासात धरतो. तळाशी पाणी दिसलं तर आधी टाकी उतरवायची, स्कॅनर मग.