माथेरानांतले चार दिवस

यंत्रांचा आम्हांला कंटाळा आला होता. हें वाक्य आम्ही यंत्रावरच लिहीत आहों, ही गोष्ट वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. तथापि कंटाळा खरा होता. आमच्या घरांत माणसें नऊ आणि मोबाईल अकरा. त्यांतला एखादा वाजला कीं, नऊही जण आपापले खिसे चांचपणार. पानांत वाढलेलें निवून जातें आणि हातांतलें यंत्र मात्र तापत राहतें, ही रोजची कथा. अखेर २०२२ सालच्या मे महिन्यांत आम्हीं जाहीर केलें कीं, यंदा माथेरान! जेथें मोटारीला मज्जाव आहे, भोंगा ऐकूं येत नाहीं, माणूस आपल्या पायांनीं चालतो, असें एक तरी गांव महाराष्ट्रांत उरलें आहे. तेथें चार दिवस जाऊन राहूं. आमचें हें भाषण बरेंच लांबलें. तें संपल्यावर आमच्या धाकट्या काकू एवढेंच म्हणाल्या, "मी येणार. मला तो शीळ घालणारा पक्षी पुन्हां एकदां ऐकायचा आहे."

काकूंचें वय तेव्हां अठ्ठ्याहत्तर. १९६८ सालीं, लग्नानंतर थोड्याच दिवसांनीं, त्या काकांबरोबर माथेरानला गेल्या होत्या. पहाटेच्या अंधारांत कोणी तरी रस्त्यानें शीळ घालीत चाललें आहे असें काकांना वाटलें आणि "कोण हा आगाऊ मनुष्य!" म्हणून ते काठी घेऊन बाहेर गेले. बाहेर मनुष्य नव्हता, पक्षी होता. ही हकीकत आमच्या घरीं इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं, काठी कोणत्या लाकडाची होती हेंही मुलांना पाठ आहे. काका जाऊन आतां अकरा वर्षें झालीं होतीं. काकूंचे गुडघे गेले होते. ऐकूंही फार कमी येऊं लागलें होतें, म्हणून उजव्या कानांत श्रवणयंत्र बसविलें होतें. यंत्रांच्या विरुद्ध भाषण करतांना या यंत्राचा आम्हांला सोईस्कर विसर पडला होता, हें येथें नमूद करून ठेवतों.

इ. स. १८५० मध्यें ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा हा डोंगर चढून गेला आणि येथील हवेवर लुब्ध झाला, तेव्हांपासून मुंबईकरांची वाट या डोंगराकडे वळली. पुढें आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें पैसा ओतून नेरळपासून वरपर्यंत अवघ्या दोन फुटी रुळांचा रेल्वेमार्ग घातला. तो १९०७ सालीं सुरू झाला. सुमारे वीस किलोमीटरांत ती चिमुकली गाडी सर्पासारखीं वळणें घेत डोंगर चढते. काकूंना तींतच बसून जावयाचें होतें. परंतु २०१९ च्या पावसाळ्यानें हा मार्ग जागोजाग उखडून टाकलेला होता. आम्ही गेलों त्या वेळीं नेरळपासूनची गाडी बंदच होती (ती पुढें ऑक्टोबरांत सुरू झाली) आणि केवळ वरचा अमन लॉज ते माथेरान एवढाच तुकडा चालू होता. तेव्हां घाट टॅक्सीनें चढलों. म्हणजे मोटारीचा निषेध करण्यासाठीं आम्ही मोटारीनेंच निघालों होतों.

दस्तुरी नाक्यावर मोटारींची हद्द संपते. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. अमन लॉजच्या खिडकीपुढें आम्ही रांग धरली. आणि आमच्या पुढें सात माणसें उरलीं असतांना त्या फेरीचीं तिकिटें संपलीं. दोष कोणाचाच नव्हता. सारी मुंबईच त्या दिवशीं यंत्रांना कंटाळलेली दिसत होती. पुढची फेरी केव्हां, याची चौकशी करीत असतां काकू एका दगडावर टेकल्या. ऊन चढूं लागलें होतें. घोड्यावर बसणें त्यांना शक्य नव्हतें. उरली हातरिक्षा.

ही हातरिक्षा ज्यांनीं पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. दोन मोठीं चाकें, मध्यें एका माणसाची बैठक, वर छप्पर आणि पुढें दांडा. एक मनुष्य तो दांडा धरून ओढतो, आणखी दोघे मागून रेटतात. वाट जांभ्या दगडाची, तांबड्या मातीची, जागोजाग झिजलेली. काकू बसल्या आणि आम्ही बाजूनें चालूं लागलों. पहिलीं पांच मिनिटें आम्ही झाडें पाहत होतों. जांभूळ आणि अंजनी यांची दाट सावली, मधूनच दिसणारा दरीचा निळा तुकडा, सारें वर्णनाप्रमाणें होतें. मग एक चढ लागला. पुढच्या गृहस्थाची मान ताठ झाली. त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. वयानें तो आमच्याहून फार लहान नसावा. मागच्या दोघांचा श्वास आम्हांला स्पष्ट ऐकूं येत होता. आम्हीं लाजून मागून हात लावला, तेव्हां त्यांतला तरुण म्हणाला, "राहूं द्या साहेब, तुमचा हात लागला कीं गाडी वांकडी जाते." काकूंनीं "मला उतरूं दे" म्हणून दोनदां सांगितलें. पुढचा मनुष्य न थांबतांच म्हणाला, "बसा आजी. तुम्ही उतरलांत तर आम्हीं खायचें काय?"

या उत्तरावर काय बोलावें हें आम्हांला त्या दिवशीं सुचलें नाहीं आणि अजूनही सुचलेलें नाहीं. मोटारबंदी चांगली, हवा स्वच्छ, शांतता अवर्णनीय, हें सारें खरेंच. परंतु यंत्र जें ओझें उचलीत नाहीं तें कोणी तरी उचलावेंच लागतें, आणि तो "कोणी तरी" आमच्या डोळ्यांदेखत घाम पुशीत होता. घरच्या भाषणांत त्याचा उल्लेख नव्हता.

उतरलेल्या घराविषयीं फार लिहीत नाहीं. खोल्या जुन्या, ओटी प्रशस्त, डाळ तिखट. मोबाईलला "रेंज" केवळ कुंपणाच्या कोपऱ्यांत मिळे, त्यामुळें तेथें सायंकाळीं मंडळी हात उंचावून उभी असत; दुरून पाहणाऱ्याला तें सूर्यनमस्काराचें वर्ग वाटावें. तांबडी धूळ धोतरापासून विद्युद्भार देण्याच्या भोंकापर्यंत सर्वत्र शिरली. आमच्या पुतण्याचें यंत्र दुसऱ्या दिवशींच मूक झालें, आणि मग तो मुलगा प्रथमच जेवतांना बोलूं लागला.

पहिल्या पहाटे, साडेपांचाच्या आधीं, शीळ ऐकूं आली. एक लांब स्वर, मग वर, मग खालीं, मग विसरल्यासारखें थांबणें आणि निराळ्याच चालीवर पुन्हां सुरुवात. एखाद्या रिकामटेकड्या पोरानें रमतगमत जावें तशी. आणि काय सांगावें! अंथरुणांत पडल्या पडल्या आमचा हात उशीखालीं गेला; शेजारच्या खोलींतूनही चांचपण्याचे आवाज आले. कोणाचा तरी मोबाईल वाजतो आहे अशी सर्वांची समजूत! काका निदान काठी घेऊन बाहेर गेले होते. ओळख पटल्यावर आम्ही काकूंच्या खोलीकडे धांवलों, परंतु त्या यंत्र काढून गाढ झोंपल्या होत्या, आणि त्या यंत्र लावून ओटीवर येईपर्यंत उजाडलें व पक्षी थांबला. शीळकरी कस्तूर त्याचें नांव. काळपट निळा रंग, कपाळावर व खांद्यावर चकाकणारा निळा डाग. उजेडांत आम्हांला तो ओढ्याकाठीं दिसला. मात्र तेव्हां त्यानें चोंच उघडली नाहीं. "उद्यां मला वेळेवर उठव," काकूंनीं बजावलें.

त्याच दुपारीं तो प्रकार घडला. खिडक्या बंद ठेवाव्यात, अशी पाटी आमच्या खोलींत मोठ्या अक्षरांत लावलेली होती, त्यामुळें दोष सर्वस्वीं आमचा. वारा यावा म्हणून आम्हींच काकूंची खिडकी उघडली. काकू वामकुक्षी करीत होत्या. यंत्र त्याच्या पांढऱ्या डबींत, डबी खिडकीच्या फळीवर. माथेरानांत वानरें दोन जातींचीं. काळ्या तोंडाचें, लांब शेपटीचें वानर हा बहुतांशीं पाल्यावर जगणारा भिडस्त प्राणी. लाल तोंडाचें माकड मात्र खरें बाजारी. त्याच्या गालांत पिशव्या असतात, त्यांत तें आधीं माल भरतें आणि मग विचार करतें. असें एक माकड आलें, त्यानें डबी उचलली आणि समोरच्या अंजनीवर जाऊन बसलें. आम्हीं केळें दाखविलें. दुसऱ्याच माकडानें तें नेलें. पुतण्यानें टाळ्या वाजविल्या. सौ.नीं पोळपाट दाखविला. माकडानें शांतपणें डबी चावून उघडली, आंतली वस्तु दांतांखालीं धरून पाहिली, तोंड वेडेंवांकडें केलें आणि ती दरीकडे भिरकावून दिली. डबी खालीं पडली. यंत्र शोधण्यासाठीं माळी, पुतण्या आणि आम्ही असे तिघे दिवस मावळेपर्यंत पालापाचोळा उपशीत होतों. कडा जवळ होता. पुढें जातां येईना. त्या यंत्राची किंमत आम्ही येथें लिहीत नाहीं, कारण काकू हें मासिक वाचतात आणि ती त्यांना अद्याप निम्मीच सांगितलेली आहे.

काकूंना कागदावर लिहून कळविलें. त्यांनीं कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "त्यालाही कमी ऐकूं येत असेल." सगळे हंसले. परंतु रात्रीं त्या लौकर निजल्या.

दुसऱ्या पहाटे पक्षी पुन्हां बोलूं लागला. उठवावें कीं नाहीं, याचा आम्ही क्षणभर विचार केला. उठवून उपयोग काय, न उठवावें तर तें अधिक वाईट. जाऊन पाहतों तों काकू शाल पांघरून ओटीवर आधींच बसल्या होत्या. अंधार होता. आम्ही जवळ जातांच त्यांनीं विचारलें, "गातो आहे?" आम्हीं मान हालविली, मग तें अंधारांत दिसणार नाहीं हें ध्यानांत येऊन त्यांचा हात हातीं घेतला. शीळ वर गेली तेव्हां हात वर नेला, खालीं आली तेव्हां खालीं. पक्षी मध्येंच थांबला, तेव्हां हातही थांबविला. "आत्तां विसरला," काकू म्हणाल्या, "तेव्हांही असाच विसरत होता." सुमारें दहा मिनिटें हें चाललें. आम्हांला गाण्यांतलें कांहीं कळत नाहीं. ताल तर बहुधा चुकलाच असेल.

चौथ्या दिवशीं खालीं येतांना तीच हातरिक्षा मिळाली, म्हणजे काकूंनींच ती मागितली. उतारावर गाडी आवरणें हें चढविण्याहून कठीण असतें, हें आम्हांला त्या दिवशीं कळलें. दांडा छातीवर रोखून तो मनुष्य मागें रेलत पावलें टाकीत होता. विजेच्या रिक्षांच्या चांचणीस त्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें परवानगी दिलेली होती. त्याविषयीं आम्हीं त्याला विचारलें. तो म्हणाला, "येऊं दे कीं! आम्हांलाच चालवायला मिळाली, तर आम्हांला वाईट कां वाटेल? दुसऱ्याला मिळाली, तर मग ही ओढलेली काय वाईट?" डिसेंबरांत तशा कांहीं रिक्षा चांचणीसाठीं धांवूं लागल्या, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजीं न्यायालयानें, माणसानें माणसाला ओढण्याची ही पद्धति सहा महिन्यांत बंद करावी व विजेच्या रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांसच द्याव्यात, असा निर्णय दिला. परवानाधारक ओढणारे ९४, असें वृत्तपत्रांत होतें. त्या चौऱ्याण्णवांत आमचा तो गृहस्थ होता किंवा तो कोणा परवानेवाल्याच्या पदरीं राबत होता, हें विचारून घेण्याची बुद्धि आम्हांला तेव्हां झाली नाहीं. त्याचें नांवही आम्हीं विचारलें नव्हतें. काकूंनीं विचारलें होतें, परंतु त्यानें सांगितलेलें त्यांना ऐकूं आलें नाहीं.

काकूंना पुढें नवें यंत्र घेतलें. जुनी डबी त्यांनीं टाकूं दिली नाहीं. तिच्या झांकणावर माकडाच्या दांतांचे दोन खोल ठसे आहेत. त्या तींत लवंगा ठेवतात.