चार्जरला परवाना नको, अर्ज हवा

आपल्या वस्त्यांमध्ये आता विजेवर चालणाऱ्या स्कूटर दिसू लागल्या आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार, घरोघरी पार्सल पोचवणारी मुले, दवाखान्यातल्या सिस्टर, अशा अनेकांनी पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून ही गाडी घेतली. आमच्या घरीही धाकट्याने हप्त्यावर घेतली. तो पार्सलचे काम करतो. रात्री बॅटरी भरली नाही तर दुसऱ्या दिवशीची कमाई बुडते. म्हणजे हा प्रश्न हौसेचा नाही, भाकरीचा आहे.

गाडी आली आणि इमारतीत कुजबुज सुरू झाली. "परवाना कुठे आहे? सरकारी परवानगीशिवाय चार्जर बसवता येत नाही," असे जिन्यात सुनावण्यात आले. कागदावर मात्र कोणी काही देईना. तेव्हा आम्ही स्वतः चौकशी केली. जे समजले ते समाजबांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

घरी स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले की, गाडी चार्ज करून देणे ही वीजविक्री नव्हे. चार्जिंग स्टेशनलाही वीज कायद्याखाली परवाना नको, मग घरच्या प्लगला कुठला? फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली. चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते, आणि अर्ज पूर्ण असेल तर शहरी भागात नवी जोडणी ७ दिवसांत मिळायला हवी. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा भोगवटादार वीज मागू शकतो. म्हणजे भाडेकरूसुद्धा.

मग पाहायचे काय? आधी महावितरणच्या बिलावरचा 'मंजूर भार' वाचा. बहुतेक स्कूटरचा चार्जर १ किलोवॅटच्या आतला असतो. मोटारीचा ३.३ किंवा ७.४ किलोवॅटचा असतो. भार अपुरा पडत असेल तर तो वाढवण्याचा अर्ज करावा आणि परवानाधारक वीज कंत्राटदाराचा चाचणी अहवाल जोडावा. घरच्या मीटरवर गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. पण १०० युनिटनंतर दर चढतो. आमच्या गाडीला रोज सुमारे ३ युनिट लागतात, महिन्याला ९० झाले. हा हिशेब हप्त्याबरोबर आधीच मांडावा.

इमारतीतल्या लोकांची भीती मात्र सगळीच खोटी नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये आपल्याच नाशिकमध्ये कंटेनरमध्ये भरलेल्या ४० स्कूटरपैकी २० जळाल्या. म्हणून साधा एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. मीटरपासून वेगळी जाड वायर, पॉवर प्लग, चांगले अर्थिंग, एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी एवढे हवेच. काढता येणारी बॅटरी रात्री दाराशी चार्जिंगला लावून मुलांना आत झोपवू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढू नका. कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंड शेजाऱ्यालाही भोवतो.

पार्किंगची जागा सामाईक असेल तर सोसायटीची संमती मागावीच लागते. ती तोंडी मागू नका. आम्ही लेखी अर्ज दिला: मीटर आमचा, वायर आमची, अहवाल कंत्राटदाराचा. अर्जाची पोच घेतली. बैठकीत एक जण म्हणाले, "यांना दिले तर उद्या सगळे मागतील." आम्ही म्हटले, "मागू द्या. सगळ्यांनाच लागणार आहे." अखेर अटी लेखी मिळाल्या आणि प्लग बसला.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. विजेचे धोरणही त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ती वीज आज आपल्या पोरांच्या गाडीत भरायची आहे. जिन्यातल्या आवाजाला घाबरू नका, नियम वाचा, अर्ज लिहा आणि पोच जपून ठेवा.

जय भीम!