पित्ताशयाची भिंत

सोनोग्राफीच्या अहवालात ‘पित्ताशयाची भिंत जाड’ एवढे शब्द उमटले की घराचा नूर पालटतो. असे कागद घेऊन धर्मग्रामातील माणसे आमच्याकडे येतात. अहवालाचा अर्थ लावणे हे आमचे काम नव्हे. पण डॉक्टरांना काय विचारावे, एवढे आम्ही सांगू शकतो.

प्रथम विचारावे, तपासणी उपाशीपोटी झाली होती काय? जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावते आणि भिंत उगाच जाड भासते. एरवी ती ३ मिलिमीटरपर्यंत असते. डेंग्यू, यकृतदाह किंवा हृदयविकार यांतही पित्ताशय निर्दोष असताना भिंत सुजते. अशा वेळी उपचार मूळ आजारावर करावयाचा असतो.

भिंतीतच दोष असेल तर बहुधा एक लांबलचक नाव कानी पडते: ॲडिनोमायोमॅटोसिस. शेवट ‘ओसिस’ असला तरी ऐकणाऱ्याला त्यात कर्करोगच ऐकू येतो! वस्तुतः आतील अस्तर स्नायूंच्या थरात शिरून बारीक कप्पे तयार होतात, इतकेच. त्या कप्प्यांत साचलेले कोलेस्टेरॉलचे स्फटिक सोनोग्राफीच्या पडद्यावर धूमकेतूच्या शेपटीसारखे चमकतात, आणि या खुणेवरून विकार ओळखता येतो. चित्र अस्पष्ट असेल तर एमआरआय करतात. त्यात हे कप्पे माळेतील मोत्यांसारखे दिसतात. खूण स्पष्ट असून वेदना नसेल तर शस्त्रक्रियेची गरज नसते. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वारंवार कळ येत असेल, किंवा कर्करोगाची शंका फिटतच नसेल, तर मात्र दुर्बिणीतून पित्ताशय काढणे इष्ट.

पॉलिपचा हिशेब निराळा. तो १० मिलिमीटर वा अधिक असल्यास पित्ताशय काढण्याचा सल्ला देतात. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शनात आशियाई वंश ही जोखीम धरली असल्याने ६ ते ९ मिलिमीटरच्या पॉलिपबाबतही आपल्या माणसांनी सर्जनशी सविस्तर बोलावे. त्याहून लहान असेल तर सहा महिने, एक वर्ष व दोन वर्षे अशा अंतराने सोनोग्राफी करतात. वाढ न दिसल्यास पाठपुरावा थांबतो.

एक माऊली आम्हांला म्हणाल्या, “फादर, काढूनच टाकते, निदान झोप तरी लागेल.” त्यांचा पॉलिप ४ मिलिमीटरचा, वेदना काहीच नाही. डॉक्टरांनी त्यांना तारीख दिली ती शस्त्रक्रियेची नव्हे, सहा महिन्यांनंतरच्या सोनोग्राफीची. त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.