कानामागून

"निघेल की काका. दोन दिवस द्या, सगळं निघेल," मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा म्हणाला आणि माझ्या पोटात गोळाच आला. उद्या सांगतो, म्हणालो. फोन परत पिशवीत टाकला आणि नवी पेठेतून पायीच सात रस्त्याला आलो.

सात रस्त्याला रस्ते नक्की सातच आहेत का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सगळा जन्म सोलापुरात गेला. पण मोजायला उभं राहिलं की चौथ्या-पाचव्या रस्त्याशी कुणीतरी ओळखीचं भेटतं, "का बे, काय करूलालास इथं?" म्हणतं, आणि आकडा सुटतो. पाहुण्याला पत्ता सांगताना मात्र मी बिनदिक्कत सात म्हणतो. ऐकलंय, म्हणून सांगतो.

आईची एक म्हण होती, धाकट्या काकूसाठी राखून ठेवलेली. 'कानामागून आली आणि तिखट झाली.' लहानपणी मला ती अजिबात उलगडत नसे. सोलापूरच्या घरात तिखट म्हणजे डब्यातलं लाल तिखट, नाहीतर शेंगाचटणी. ते कानामागून कसं येणार? कानामागे असते ती काजळाची तीट, दृष्ट लागू नये म्हणून लावलेली. तेव्हा काकू त्या तिटेतच काहीतरी कालवत असावी, असं मी धरून चाललो होतो. ती भाकरी वाढायला आली की मी आधी तिची बोटं बघायचो. सातवीत मराठीच्या गुरुजींनी अर्थ सांगितला. वासरू जन्मतं तेव्हा त्याला कान असतात, शिंगं नसतात. शिंगं मागाहून येतात आणि कानांपेक्षा तिखट, म्हणजे तीक्ष्ण होतात. काकूची त्या दिवशी माझ्यापुरती सुटका झाली. आईने केली नाही ती नाहीच.

पण मला ते पडताळून बघायचं होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, आणि तिच्यासोबत जनावरांचा बाजार. नंदीध्वजांच्या मागे सगळं गाव असताना मी खिलारांच्या दावणींमधून हिंडत होतो. खिलाराची शिंगं बघण्यासारखीच असतात. लांब, मागे वळलेली, टोकाशी अशी निमुळती की नजरेलाही बोचावीत. सांगोल्याकडच्या एका मालकाला मी गुरुजींचा अर्थ मोठ्या रुबाबात ऐकवला. तो हसला. शेजारचं महिन्याभराचं वासरू त्याने पुढे ओढलं, माझं बोट धरलं आणि वासराच्या माथ्यावर, कानाच्या वरच्या अंगाला, केसांत दाबलं. आत वाटाण्याएवढं टणक काहीतरी लागलं. "मागनं कुठलं आलंय? जागा ठरलेलीच असती. दिसत नसतंय एवढंच."

हे मी पुढे साफ विसरलो. विसरलो म्हणूनच एका शाळेच्या संमेलनात, गळ्यात हार असताना, मोबाईलवर ती म्हण फेकू शकलो. वर्तमानपत्र, आकाशवाणी हे आपले कान, आणि हा बघा कसा मागून आला आणि तिखट झाला! टाळ्या पडल्या. संध्याकाळी त्या टाळ्यांचा व्हिडिओ मीच चार ग्रुपांवर टाकला.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षेसाठी आली होती. पोरं पळवणारी टोळी फिरतेय असे निरोप त्या दिवसांत फोनाफोनांतून हिंडत होते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, जीव जाईपर्यंत. पाचांपैकी बहुतेकजण आमच्या जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. ज्वारीच्या त्या काळ्या रानातून पोटामागे निघून खानदेशात पोचलेली माणसं.

आमच्या घरच्या ग्रुपवरही त्या सुमारास एक क्लिप आली होती. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं पोर उचलतात आणि निघून जातात. नंतर वाचलं की ती कराचीतल्या एका संस्थेने केलेली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं वळून परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि मुलांना जपा असं सांगणारा फलक दाखवतात. तेवढं शेपूट कुणीतरी कापलं. कापायला किती वेळ लागला असेल? अर्धं मिनिट?

ती क्लिप आल्याचं मला आठवतं. ती मी पुढे पाठवली की नाही, हे आठवत नाही. तो फोन केव्हाच बंद पडलाय. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलंय. तोच माझ्या पिशवीत होता.

बायको म्हणते, "पाठवली असेल तर पाठवली असेल. तुमच्याकडून कुठं धुळ्याला गेली?" ती बरोबर बोलते. ग्रुपवर आम्ही चौदाजण होतो, त्यातलं धुळ्याचं कुणी नव्हतं. पण त्या चौदांचे किती ग्रुप होते?

आजीकडे, आजोळी, एक डवरी यायचा. भगवी कफनी, काखेत झोळी, हातात डवर. ते छोटंसं वाद्य वेशीपाशी वाजलं की आजी सुपात जोंधळे घेऊन उंबऱ्यात बसायची. जोंधळे देण्याआधी तिची चौकशी चाले. माणनदीला पाणी आलं का, अमक्या गावची जत्रा कशी झाली, तमक्याच्या सुनेला काय झालं. तो सगळं सांगायचा. थोडं मीठमसाला लावूनही सांगत असेल, पण गावोगावचं त्याच्याकडे असे. पोस्टमन आठवड्यातून एकदा यायचा आणि वर्तमानपत्र आलंच तर पाटलाच्या वाड्यात. आजीच्या उंबऱ्यापुरतं वर्तमानपत्र हाच माणूस होता, आणि त्याची वर्गणी सूपभर जोंधळे.

तो गेला आणि दुपारी मी झोपायला नकार दिला की हीच आजी म्हणायची, "गप पड, नाहीतर झोळीवाल्याला देईन. झोळीत घालून नेईल." मी तात्काळ डोळे मिटायचो. आत, कानाच्या वरच्या अंगाला, काहीतरी टणक लागायचं. हे आत्ता लिहिताना सुचलेलं आहे, तेव्हा असं काही वाटत नव्हतं. तेव्हा नुसती झोप लागायची.

म्हणजे फोनला दोष नाही, असं म्हणायचंय का मला? तसं म्हणायला सोपं आहे. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला तेव्हा कुणाच्या खिशात काय होतं? एसटीडीच्या बूथवरून आणि शेजाऱ्याच्या फोनवरून ती बातमी दुपारपर्यंत देशभर पोचली. मी शिकलासवरलेला माणूस, वाटी-चमचा घेऊन गल्लीतल्या देवळापुढच्या रांगेत उभा होतो. माझ्या चमच्यातलं दूध गेलं. पृष्ठताण वगैरे दुसऱ्या दिवशी वाचलं. पण त्या रांगेत कुणी मेलं नाही, आणि मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला पुढच्याची पाठ तरी दिसत होती.

शिवाय 'हे बंद करा' म्हणणाऱ्यांबद्दलही माझ्या मनात अढी आहे, ती या गावामुळे. 1930 च्या मे-जूनमध्ये सोलापुरात मार्शल लॉ होता. पुढे 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात ज्या चौघांना फाशी झाली, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन, त्यांतले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र काढत. सरकारच्या लेखी तेही चिथावणीखोरच असणार. तोंडं कुणी बंद करायची हे ठरवायला बसलं की माझी अवस्था सात रस्त्यावर होते तशीच होते.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, खोटी बातमी कशी ओळखावी याच्या. शिंग कानाच्या आडोशाला आलं, असं मी तेव्हा मिटक्या मारत म्हटलं होतं. मग नियम आला की भारतात एखादा निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. पाच. हा आकडा त्यांनी कसा काढला असेल तो असो, मला तो वाचवत नाही.

अक्कलकोटला माझी थोरली बहीण असते. तिचा तेव्हा फोन आला होता, "अरे, पाचजणांनाच जाऊलालंय. बाकीच्यांना किती वेळा पाठवू?" तिचा सकाळचा स्वामींचा फोटो असतो, तो अडकला होता. मी हसलो. पण 2020 मध्ये भावजी गेले तेव्हा टाळेबंदी होती, मला सोलापुरातून अक्कलकोटला जाता आलं नाही. दहावं मी घरच्या त्याच ग्रुपवर पाहिलं, बोटभर चौकटीत, मध्येच अडकत, मध्येच पुढे सरकत. आक्का त्या चौकटीतून मला म्हणाली, "जेवलास का रे?" तो ग्रुप नसता तर ते मला कुणी विचारलं असतं?

परवा तिला फोन केला. म्हटलं, "आक्का, पोरं पळवायची ती क्लिप आठवते का? तू मला पाठवली होतीस का मी तुला?"

"कुठली रे?" मग थोडा वेळ गप्प. "मी सगळंच पाठवते की रे. काळजी वाटते म्हणून पाठवते." आणि मग गुडघ्याचं सुरू झालं.

काळजी वाटते म्हणून. कापलेली ती क्लिपही अशीच, काळजीच्या हातून काळजीच्या हाती गेली असेल. आजीलाही माझ्या झोपेचीच काळजी होती.

आज संध्याकाळी सात रस्त्यावर सिटी बसची वाट बघत होतो. नवी पेठेतल्या त्या पोराचा फोन आला. "काका, आणताय ना? काढायचं ना सगळं?"

"गाड्यांचा गोंगाट आहे," मी म्हणालो, "काही ऐकू येत नाही."

ऐकू स्वच्छ येत होतं.