काटकोनात घर

सारे काही एकाच वेळी पदरात पडावे, अशी हाव प्रत्येकाला कशाची ना कशाची असते. मला ती फोटोंच्या बाबतीत आहे. म्हणून दीड-दोन वर्षांपूर्वी मी एक अतिविशाल कोनाचे भिंग घेतले. नाव एवढे भारदस्त, पण वस्तू मुठीत मावणारी. त्याला झूम नाही. मागेपुढे व्हायचे ते आपल्याच पायांनी. त्यावर आकडा आहे १२ मिलिमीटरचा. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असे. माझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर आहे साधारण २४ बाय १६ चा. त्यामुळे देखाव्याच्या कडा छाटल्या जातात आणि हे १२ चे भिंग फिल्मच्या कॅमेऱ्यावरच्या १८ च्या भिंगाइतकेच दाखवते. पण तेही थोडे नव्हे. आडवा कोन जवळजवळ काटकोनाएवढा!

पहिल्याच संध्याकाळी मी वारज्यातल्या एका मित्राच्या गच्चीवर गेलो. मुठेचे पात्र, महामार्गावरची रहदारी, नव्या इमारतींची रांग, वर ढगांचा पसारा, सारे चौकटीत आले. फक्त सिंहगडाचे वारूळ झाले होते! या भिंगातून लांबचे लांबच जाते, हे तेव्हा हसण्यावारी नेले.

गेल्या दिवाळीत मात्र हसू आले नाही. वारज्यातले आमचे दोन खोल्यांचे घर दिवाळीनंतर पाडायचे ठरले होते. आई या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा वारजे खेडे होते. महापालिकेत ते आले १९९७ साली. तिचे सारे आयुष्य याच दोन खोल्यांत गेले. म्हटले, घर जाण्यापूर्वी एका फोटोत अख्खे टिपून ठेवू.

मी पाठ कोपऱ्याला लावून उभा राहिलो. काटकोनी कोपरा आणि काटकोनाएवढे भिंग! दोन्ही बाजूंच्या भिंती अलगद आत आल्या. देव्हारा, फडताळ, भांड्यांची मांडणी, दारापलीकडची तुळससुद्धा. आईला म्हटले, "तूही उभी राहा."

"मला कशाला रे? माझ्यामुळे भिंत झाकेल," म्हणत ती अगदी कडेला जाऊन उभी राहिली.

फोटो पाहिला आणि चरकलो. घर पुरते आले होते. पण कडेला उभ्या असलेल्या आईचा चेहरा ताणून दुधी भोपळ्यासारखा झाला होता. या भिंगाला कडेची माणसे सोसत नाहीत. तिला मधे उभी केली, तर ती समोरच्या भिंतीशी बाहुलीएवढी दिसू लागली.

शेवटी ती कंटाळली आणि करंज्या लाटायला बसली. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसकण मारली आणि पुढे सरकत सरकत दीड फुटावर आलो. भिंगाचे छिद्र आठवर ठेवून तीन फुटांवर फोकस केला, की दीड फुटापासून थेट क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते, ही याची खुबी. पोळपाटावरचे पिठाळलेले हात, त्यामागे वाकलेला चेहरा, आणि त्याच्याभोवती सारे घर. अर्धे फडताळ तिच्या खांद्याआड गेले होते. जाऊ दे म्हटले.

आता घराच्या जागी खड्डा आहे आणि आम्ही भाड्याच्या जागेत आहोत. तो फोटो इथल्या भिंतीवर लावला आहे. परवा फराळाची तयारी करता करता आई त्याच्यापुढे थांबली.

"माझे हात केवढे मोठे आलेत रे यात!"

जवळची वस्तू या भिंगात मोठी दिसते, असे मी सांगणार होतो. सांगितले नाही.